धाब्याच्या घरांचं काय करायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

भूकंप म्हटलं की आपण खान्देशवाले म्हणतो ते कोयनेकडे, किल्लारीकडे, आपल्याकडे काय होतंय. अहो, १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यातच ६ रिश्टरच्या वरचा धक्का बसलेला आणि ज्या नर्मदा-तापी पट्ट्यात आपण राहतो त्याच भ्रंशपट्ट्यात (जमिनीखालच्या खडकांतल्या भेगांच्या पट्ट्यात) पुढे १९९७ ला जबलपूर हादरलं.

मला खरी काळजी जुन्या धाब्याच्या घरांची वाटते. माझ्या मावशीचं यावल तालुक्यातलं घर तसंच, मातीत रचलेल्या जाड भिंती, वर लाकडी सरे आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून टाकलेली आणखी पांढरी माती, म्हणजे डोक्यावरचं वजन वर्षानुवर्षं वाढतंच चाललंय, आणि किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झोपेतली माणसं अशाच दगडमातीखाली गेली.

जळगावात नवीन बिल्डिंगा पण खाली नुसते पार्किंगचे पिलर आणि वर चार मजले, तिथेही जोर खालीच येतो. महापालिकेने परवानगी देताना हे नीट तपासावं, ग्रामपंचायतींनी धाब्यावरची जादा माती उतरवायला मदत करावी, आणि शाळेत मुलांना टेबलाखाली बसायची प्रॅक्टिस या सत्रातच सुरू करा.

– एक वाचक, जळगाव