'नव्यासारखी' ही शाबासकी नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत जुनी इलेक्ट्रिक गिटार पुन्हा वाजती केल्याचा लेख वाचला. फोटोतली गिटार आरशासारखी चकचकत होती आणि खाली ओळ होती, 'जणू आजच कारखान्यातून आली!' लिहिणाऱ्याने कौतुकानेच लिहिलं असणार. माझ्या काळजात मात्र चर्र झालं.

मी गिटारदुरुस्ती करतो. माझ्या स्वतःकडे गिब्सन कंपनीची ईएस-१७५ ही इलेक्ट्रिक गिटार आहे. आतल्या शिक्क्यातलं 'व्ही' हे अक्षर सांगतं की ती १९५६ची. हे मॉडेल १९४९मध्ये आलं. अंग पूर्ण पोकळ, वरची फळी मॅपलचे पातळ थर चिकटवून केलेली. प्लायवूड म्हणून नाक मुरडू नका. अखंड लाकडाची फळी ॲम्पच्या मोठ्या आवाजासमोर लवकर हू करून ओरडायला लागते, ही त्या मानाने कमी. पण सगळ्यात वरचा थर इतका पातळ असतो की चकाकी आणण्यासाठी पॉलिशपेपर जरा जोरात फिरवला, तर खालचा थर उघडा पडतो. मग त्याला इलाज नाही.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पोटात फोम कोंबलेला होता, तोच ओरडा थांबवायला. कुजून त्याचा चिकट भुगा झालेला. एफच्या आकाराच्या खाचेतून तो चिमट्याने काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. वायरिंगचं कामही त्याच वाटेने. प्रत्येक पॉटच्या, म्हणजे आवाज आणि टोन फिरवायच्या बटणाखालच्या भागाच्या, दांडीला दोरा बांधायचा, दोऱ्याचं टोक भोकातून बाहेर ठेवायचं आणि काम झालं की ओढून पॉट जागेवर आणायचा. पाचव्या खेपेला दोरा सुटला, तेव्हा तोंडून जे निघालं ते आपण छापणार नाही.

सैल झालेली मान मी सरसाने जोडली, इपॉक्सीने नाही. सरस उष्णतेने आणि वाफेने सुटतो. उद्या दुसऱ्या कारागिराला ती मान पुन्हा काढता येईल. मूळ नायट्रोसेल्युलोज लॅकरवर, म्हणजे वरच्या रोगणावर, जाळीदार तडे आहेत, ते तसेच ठेवले. या लॅकरवर त्याचाच नवा हात दिला की तो जुन्यात विरघळून मिसळतो. त्यामुळे गेलं असेल तेवढ्याच जागी ठिपका देता येतो, सबंध अंग खरवडावं लागत नाही.

खरं दुखणं पिकअपचं, म्हणजे तारांचं कंपन टिपून ॲम्पकडे पाठवणाऱ्या भागाचं होतं. आधीच्या कुणी तरी भोक कोरून मोठं केलं आणि हमबकर हा दोन कॉइलचा, गुणगुण मारणारा पिकअप बसवला. हमबकर वाईट नाही. १९५७पासून गिब्सननेच या मॉडेलवर तो दिला. पण या गिटारचा आवाज पी-९० या तिच्या मूळ, एका कॉइलच्या पिकअपचा आहे, जरा खरखरीत, मागे किंचित गुणगुण असलेला. नशीब असं की काढलेला पी-९० त्या माणसाने फेकला नव्हता. गिटार ठेवायच्या केसच्या कप्प्यात, जुन्या तारांच्या गुंडाळीखाली तो मिळाला. भोक कोरल्याचा माझा राग तिथेच निम्मा उतरला.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने कारागिराला विचारावं: काय काय काढलंत आणि ते कुठे ठेवलंत? माझ्या केसमध्ये आता तो हमबकर आणि मानेवरच्या झिजलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट्स, एका पाकिटात आहेत, वर तारीख घालून.

आपला,
गिटारदुरुस्ती करणारा एक वाचक