पांढरा थर दिसला की आले?

संपादक, स. न.

‘जिभेवर पांढरा थर दिसला की आल्याचा काढा घ्या, चिनी वैद्यकात असेच सांगितले आहे,’ हा सल्ला आरोग्याच्या सदरांतून सर्रास दिला जातो. चिनी वैद्यक असे सरसकट सांगत नाही. पातळ पांढरा थर निरोगी जिभेवरही असतो आणि चिनी वैद्य तो जठराचे काम ठीक असल्याची खूण मानतात. थराच्या आधी त्याखालच्या जिभेचा रंग पाहायचा असतो.

जीभ फिकट, फुगीर, कडांवर दातांचे ठसे उमटलेली आणि थर पांढरा, ओलसर असेल तर पोटात थंडी व ओलावा साचला असे धरतात. तिथे सुंठ देतात. जीभ लाल आणि थर पिवळा, कोरडा असेल तर ती उष्णता. जीभ लाल, भेगाळलेली आणि थर जवळजवळ नाहीच, तर शरीरातला ओलावा, म्हणजे ‘यिन’, आटलेला. या दोन्ही ठिकाणी सुंठ त्रास वाढवते. गफलत होते ती मधल्या रुग्णात. घसा दुखतो, जिभेचे टोक लाल आहे, पण थर अजून पातळ पांढराच आहे. ही उष्ण, म्हणजे उष्णतेमुळे झालेल्या, सर्दीची सुरुवात असते. नुसता थर पाहणारा इथे आल्याचा काढा देऊन बसतो.

आले आणि सुंठ ही चिनी वैद्यकात दोन वेगळी औषधे आहेत. ओले आले, ‘शेंगच्यांग’, किंचित उष्ण. ते घाम आणते, थंडीची सर्दी मोकळी करते, ओकारी थांबवते. सुंठ, ‘गानच्यांग’, चांगलीच उष्ण; ती पोट आतून ऊबदार करते आणि पातळ, थंड जुलाबांवर वापरतात. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात सर्दीतापाच्या ग्वेइझी तांग काढ्यात ओले आले आहे, तर पोटाच्या थंडीवरच्या ली झोंग वान गोळीत सुंठ. चीनच्या औषधकोशात दोन्हींची मात्रा 3 ते 10 ग्रॅम अशी सारखीच आहे, म्हणून एकाऐवजी दुसरे चालेल असे वाटते. पण सुंठेतले पाणी उडालेले असते, शिवाय वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा काही भाग शोगाओल या अधिक तिखट द्रव्यात बदलतो. दहा ग्रॅम आले आणि दहा ग्रॅम सुंठ यांची बरोबरी होत नाही. आल्याची साल तर थंड गुणाची मानतात आणि सुजेवर देतात. ती काढायची की ठेवायची, हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही.

जीभ पाहण्यातही चुका होतात. दिवसाच्या उजेडात, सकाळी, खाण्यापिण्याआधी आणि घासणीने थर काढण्याआधी पाहावे. जीभ सैल सोडून बाहेर काढावी. ताणून धरली तर पंधरा-वीस सेकंदांत रंग गडद होतो. मग आत घेऊन, थोडे थांबून पुन्हा पाहावे. गरम चहाने जीभ लाल दिसते, कॉफीने थर तपकिरी होतो, बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधाने काळा. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याची जीभ सकाळी कोरडी असते, ती ‘यिन’ आटल्यामुळे नव्हे. पिवळ्या दिव्याखाली मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून निदान मागणे तर व्यर्थच, कारण त्यात पांढरा थरही पिवळा येतो.

आणखी एक. 1341 साली चीनमध्ये जिभेच्या 36 चित्रांचा जो ग्रंथ तयार झाला तो तापाच्या रोगांसाठी होता. तापात जीभ दिवसागणिक बदलते आणि त्या बदलाला अर्थ असतो. ताप नसलेल्या माणसाने रोज आरशात पाहून आल्याचे प्रमाण ठरवणे हा त्या पद्धतीचा बराच ताणलेला उपयोग आहे.

गुळगुळीत लाल जीभ ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होते, फिकट गुळगुळीत जीभ लोहाच्या कमतरतेने. तिथे रक्ततपासणी हवी. पुसून न निघणारा पांढरा डाग किंवा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला व्रण डॉक्टरांनाच दाखवावा. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर औषधी मात्रेत आले किंवा सुंठ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

– एक वाचक