कायदामंत्री साहेब, तक्रार पुढे पाठवली, मग पुढे काय?

मा. केंद्रीय कायदामंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

जजविरुद्ध आलेल्या तक्रारींचं काय होतं असं संसदेत कोणी विचारलं की तुमच्या खात्याचं उत्तर ठरलेलं असतं. न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे, तक्रारी आम्ही सरन्यायाधीशांकडे किंवा त्या त्या हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवतो, पुढचं ते बघतात. बरं, सरकारने जजची चौकशी करावी असं मलाही वाटत नाही, उलट भीतीच वाटते. पण मग तुमचं खातं नुसतं पोस्टमन झालं ना, तेही पोचपावती न आणणारा.

सुप्रीम कोर्टाने १९९९ मधे इन-हाऊस पद्धत स्वीकारली, म्हणजे जजची चौकशी जजनीच करायची. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींबद्दल तक्रार आली की दम आहे का ते बघायचं, त्यांचं म्हणणं मागवायचं, तरीही प्रकरण गंभीर वाटलं तर तीन जजची समिती. कागदावर ठीकच आहे, पण ज्याने तक्रार केली तो यात कुठेय? त्याला काही कळवायचं बंधन नाही, अहवाल गोपनीय. पण २०२५ मधे दिल्लीतल्या एका न्यायमूर्तींच्या बंगल्यातल्या आगीत जळक्या नोटा दिसल्याच्या आरोपानंतर त्याच सुप्रीम कोर्टाने फोटो, व्हिडिओ, त्यांचं उत्तर सगळं वेबसाईटवर टाकलं, आभाळ काही कोसळलं नाही. म्हणजे मनात आलं तर दाखवता येतं.

महाभियोगाचं, म्हणजे संसदेने ठराव करून जजला काढण्याचं, तर नावच नको. लोकसभेत १०० खासदारांच्या सह्या लागतात आणि १९९३ मधे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रामस्वामींच्या वेळी चौकशी समितीने दोषी धरूनही सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी मतच दिलं नाही, ठराव पडला.

आणि आपल्यासारख्यांचा संबंध येतो तो खालच्या कोर्टाशी. तिथली तक्रार हायकोर्टाकडे जाते, २०१४ पासून सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावा मागतात. खोट्या तक्रारींना चाप बसायला हवा हे मान्य, केस हरला की जजवर खापर फोडणारे आपल्यात कमी नाहीत. पण केस त्याच जजपुढे चालू असताना सही करून द्यायची हिंमत कोण करणार, वकीलही म्हणतात जाऊ द्या हो, उद्या तिथेच उभं राहायचंय. कंटेम्प्टची, म्हणजे कोर्टाच्या अवमानाची, भीती वेगळीच. खरंतर १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम ६ मधे स्पष्ट लिहिलंय की खालच्या कोर्टाच्या जजबद्दल हायकोर्टाकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार अवमान होत नाही, पण हे कोणी सांगतच नाही, कोर्टाच्या दारावर बोर्ड लावा ना.

जजविरुद्धच्या तक्रारींसाठीचं २०१० चं न्यायिक उत्तरदायित्व विधेयक लोकसभेत २०१२ ला पास झालं आणि २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तसं बाद झालं. त्यात तक्रार खोटी निघाली तर तक्रारदारालाच शिक्षा होती, त्यामुळे ते जसंच्या तसं नकोच. इंग्लंडमधे कारवाई झाली की जजच्या नावासकट जाहीर करतात, आपल्याकडे सुरुवातीला नाव नका सांगू. तक्रारीला नंबर द्या, फेटाळली तर एका ओळीत कारण द्या, 'हा अपिलाचा मुद्दा आहे' एवढं जरी लिहून आलं तरी माणूस गप अपिलात जाईल. आणि दरवर्षी हायकोर्टनिहाय किती आल्या, किती फेटाळल्या, किती जणांवर कारवाई झाली एवढे तीन आकडे. सरन्यायाधीशांशी बोलून हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही साहेब.

आपला,
तारखांना कंटाळलेला एक पक्षकार