गुरुवारी बारा वाजता

व्हॅलेन्सिया, शुक्रवार रात्र

तीर्थरूप आप्पा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

समुद्रच बघायचा तर एवढा पैसा घालून स्पेनला कशाला, असं आप्पांनी विचारलं तेव्हा मी हसून विषय टाळला होता. काल दुपारी त्याचं उत्तर सापडलं. फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

समुद्राचं आधी उरकते. मालव्हारोसाची चौपाटी लांबरुंद आहे आणि पाणी इतकं शांत की भरती-ओहोटी कळतसुद्धा नाही. अर्णवने पहिल्याच दिवशी पाठ भाजून घेतली. आई, काळजी नको, आता बरा आहे.

तर काल गुरुवार. मुलांना आइस्क्रीमची लाच देऊन मी सगळ्यांना इथल्या कॅथीड्रलच्या दाराशी नेलं. तिथे दर गुरुवारी बारा वाजता पाणी-पंचायत बसते. आप्पा, खरंखुरं पाटाचं पाणी! तुरिया नदीच्या पाण्यावरचे 8 पाट आणि प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एक पंच. कमरेखालपर्यंत येणारे काळे डगले घालून ते चामड्याच्या खुर्च्यांवर अर्धगोल करून बसले. बाराचे टोल पडले. मग पितळी आकडीची काठी घेतलेला एक माणूस उभा राहून एकेका पाटाचं नाव पुकारू लागला. क्वार्टच्या पाटावर कुणाची तक्रार? शांतता. पुढचा पाट. शांतता. आठही पाट असेच गेले, पंच उठले आणि खुर्च्या आत गेल्या. पाच-सात मिनिटांत खेळ खलास.

"एवढंच?" हे म्हणाले. ओवी म्हणाली, "आता आइस्क्रीम."

मला मात्र तिथून हलवेना. पाळी नसताना पाणी घेतलं, पाट साफ केला नाही, शेजाऱ्याच्या वावरात पाणी सोडलं, असलीच भांडणं इथे येतात. वकील नाही, सगळं तोंडी, आणि निकाल लागला की वर दाद मागायची सोय नाही. एक गोष्ट तर तुमच्यासाठीच ऐकून ठेवली. आरोपी नदीच्या ज्या काठचा असेल, त्याचा निकाल पलीकडच्या काठचे पंच सुचवतात. आपल्या गावच्या पाणीवाटपाच्या फडाच्या बैठकीत तुम्ही हेच म्हणायचात ना, की भावकीतला माणूस निवाड्याला नको?

ही पद्धत अरबांच्या काळापासूनची आहे असं सांगतात. पाटाला इथे म्हणतात तो ‘असेकिया’ शब्दही मूळ अरबीच. 2009 साली युनेस्कोने या पंचायतीला वारशाच्या यादीत घेतलं आणि आता शेतकऱ्यांपेक्षा फोटो काढणारेच जास्त जमतात. मीही काढले. पण काढताना आपला पांझरा नदीवरचा बंधारा आठवत होता, पाणी सोडणारा पाटकरी, राखणीचा जागल्या, आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी भरायला निघालेले तुम्ही. आपल्याकडे विहिरींवर मोटारी बसल्या आणि पाळीची गरज ज्याची त्याला वाटेनाशी झाली. तुमच्या बैठकीला खुर्च्या कुठल्या, मारुतीच्या पारावर गोणपाट असायचं. पुसायला हवं होतं तेव्हा मी काहीच पुसलं नाही, याचं काल फार वाईट वाटलं.

नदीचं म्हणाल तर ती आता शहरातून वाहतच नाही. 1957 च्या महापुरानंतर तिला दक्षिणेकडून नवं पात्र काढून दिलं आणि जुन्या पात्रात बाग केली. मुलं आज दिवसभर तिथेच होती.

आईसाठी एक गंमत. इथे ओरचाता नावाचं थंडगार दुधासारखं पेय मिळतं. चुफाच्या गाठी भिजवून, वाटून, गाळून करतात. चौकशी केली तर हा चुफा आपल्या लव्हाळ्याचा सख्खा चुलत भाऊ निघाला! ज्याच्या गाठी खणता खणता तुझी कंबर मोडते, त्याच्या भावाची इथे शेती करतात. भाताचंही तसंच. पाएया म्हणजे इथला कढईतला मसालेभात, त्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीवर इथे घराघरांत भांडणं. आमच्या कढईची खरपुडी ह्यांनीच संपवली.

रविवारी श्टुटगार्टला परत. आप्पा, एक काम करा. पाळी मोडली तर आपल्या फडात दंड काय असायचा, आणि तो कुणी कधी भरला का, हे आठवेल तसं सांगून धाकट्याकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. नावं घेतलीत तरी चालेल, मी कुणाला ऐकवणार नाही.

तुमची,
ताई