'जास्त' आलं की बेरीज?

मा. संपादक महोदय,

मी पुण्यात 30 वर्षे प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवले. आता संध्याकाळी शेजारपाजारची पाचवीतली सहा मुले घरी येतात. परवा त्यांना एक शाब्दिक उदाहरण घातले : 'रमाकडे 45 पेरू आहेत. ते सलमाकडच्या पेरूंपेक्षा 12 ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती?' पाच जणांनी 57 लिहिले. एकजण म्हणाला, "आजी, 'जास्त' आलं की बेरीज, असं क्लासात सांगितलंय."

जीव कळवळला. शब्द हेरून क्रिया ठरवायची युक्ती सोप्या उदाहरणांत चालते, म्हणूनच पुढे घात करते. मी त्याला वहीत एक लांब आणि एक आखूड पट्टी काढायला लावली. लांब पट्टी कुणाची, एवढेच विचारले. पेन्सिल तशीच धरून त्याने ओठ हलवत उदाहरण पुन्हा वाचले आणि लांब पट्टीवर 'रमा' लिहिले. मग 33 यायला वेळ लागला नाही.

उत्तर आले की ते परत गोष्टीत नेऊन पाहायला हवे. 130 मुलांची सहल, एका बसमध्ये 40 मुले, तर बस किती? 'सव्वातीन' लिहिणाऱ्या मुलीचा भागाकार चोख होता. उरलेली 10 मुले कशात बसवशील, हे तिला कुणी विचारलेच नव्हते.

पालकांना कळकळीची विनंती : रोज 20 उदाहरणे नकोत, दोनच द्या. आधी आकडे झाकून मुलाला ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. आणि बेरीज की वजाबाकी, हे कृपया तुम्ही सांगू नका.

– एक निवृत्त शिक्षिका, धनकवडी, पुणे