औषध देण्याआधी नोंद दिसावी

मा. संपादक,

मॉर्फिन, अल्प्राझोलाम यांसारख्या नियंत्रित औषधांची नोंद जेथे अजून कागदी रजिस्टरमध्ये होते, तेथे ती त्या दुकानापुरतीच राहते. त्यामुळे एखाद्याने वेगवेगळ्या डॉक्टरांकडून तीच गोळी लिहून घेतली, तरी ते कोणाच्याच लक्षात येत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत डॉक्टरांना व औषधविक्रेत्यांना अशा रुग्णाची आधीची खरेदी संगणकावर पाहता येते, आणि हीच सोय सर्वत्र व्हायला हवी. मॉर्फिनसारखे ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामक आणि अल्प्राझोलामसारखी बेन्झोडायझेपिन गटातील चिंता कमी करणारी वा झोपेची गोळी एकत्र घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसल्या, तर हा धोका वेळीच ध्यानात येईल. अर्थात नोंद त्याच दिवशी चढली पाहिजे. शिवाय प्रत्येक चिठ्ठीला इशारा झळकू लागला, तर तो न वाचताच बंद केला जाईल. मला अधिक काळजी वाटते ती कर्करोगाच्या वेदना सोसणाऱ्यांची: पडद्यावरचा आकडा पाहून घाबरलेल्या डॉक्टरने त्यांचे मॉर्फिन अचानक तोडू नये. रुग्णाची माहिती कोणी, केव्हा पाहिली, हेही नोंदले जावे आणि ते त्याला मागता यावे.

– एक वाचक