ताई, तुमचा हातपंखा माझ्याकडे राहिलाय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लग्नाला आज 3 आठवडे झाले. पाहुणे आपापल्या गावी पोचले, आहेराच्या साड्या कपाटात गेल्या आणि काल फोटोवाल्याने सगळे फोटो पाठवले. आई आणि मी डोक्याला डोकं लावून रात्री 1 वाजेपर्यंत ते बघत बसलो. होमाच्या धुरात डोळे मिटलेली मी, सप्तपदीतली मी, संध्याकाळी निघताना दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी मी. सगळीकडे चेहरा तोच. माझाच, सावळा, नितळ. आई म्हणाली, "मेकअपवाल्या ताईंचे नीट आभार मानलेस का गं?" मानले नव्हते. त्या दिवशी गडबडीत नुसती पाया पडले आणि तुम्ही बॅग ओढत स्टेशनकडे निघालात. फोन केला तर तुम्ही "असू दे गं बाळा" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. गालावर वांग घेऊन बोहल्यावर चढणाऱ्या माझ्यासारख्या आणखी मुली असतील, त्यांच्याही कामी येईल.

माझे वांग 31व्या वर्षी सुरू झाले. आधी गालाच्या हाडावर सुपारीएवढा तपकिरी डाग, मग दोन्ही गाल, मग वरचा ओठ. पाच वर्षांत मी काय काय ऐकलं! लोकलमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगायची, जायफळ उगाळून लाव, बटाट्याचा रस लाव. जानेवारीत साखरपुड्याला एका पार्लरमध्ये तयार झाले. तिथे मला न विचारताच दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं आणि वांगांवर फिकट कन्सीलरचे थरावर थर दिले. हॉलमध्ये पोचेपर्यंत गाल राखेसारखे दिसायला लागले होते. हसले की ओठांच्या कडेला भेगा पडत होत्या, मान वेगळ्याच रंगाची, आणि फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरंफटक. ते फोटो मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत.

त्यानंतर ऑफिसातल्या मैत्रिणीने तुमचं नाव सुचवलं. लग्नाला 2 महिने होते. दादरच्या तुमच्या खोलीत मी पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही पॅकेज सांगाल, ॲडव्हान्स घ्याल. तुम्ही पाणी दिलंत आणि विचारलंत, "चेहऱ्याला सध्या काय लावतेस?" मी पर्समधून ट्यूब काढली. कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेली, डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही नाही. तुम्ही चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचलीत, स्टेरॉइडच्या नावावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "बाळा, याने कातडी पातळ होते. आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. माझं काम नंतर." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, ट्यूब सोडवली, उन्हात जाताना सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं आणि लग्नापर्यंत वांग पुरते जाणार नाहीत हेही स्पष्ट केलं. ताई, त्या दिवशी तुम्ही सहज गिऱ्हाईक पदरात पाडून घेऊ शकला असतात. मला परत पाठवलंत, म्हणून माझा तुमच्यावर विश्वास बसला.

ट्रायल तर मी आयुष्यभर विसरणार नाही. आधी तुम्ही मला खिडकीशी बसवलंत, दिवे बंद केलेत आणि जबड्याच्या कडेला तीन शेडचे तीन पट्टे ओढलेत. मग लगेच निवड नाहीच. चहा ठेवलात. हवा लागली की फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो, तो झाल्याशिवाय शेड ठरवायची नसते, हे मला तेव्हा कळलं. 20 मिनिटांनी मधला पट्टा शोधूनही सापडेना. तीच माझी शेड.

वांगांसाठी तुम्ही फिकट रंगाला हातच लावला नाहीत. आधी नारिंगीकडे झुकणारा करेक्टर, तोही फक्त डागापुरता, अनामिकेने टिपत. तपकिरी डागावर फिकट थर दिला की तो राखाडी दिसतो, नारिंगी मात्र त्या काळपटपणाला खाऊन टाकतो. साखरपुड्याला माझ्या गालांचं काय झालं होतं त्याचा उलगडा त्या एका वाक्यात झाला. नंतर क्रायोलनची फाउंडेशनची कांडी. 1945 साली बर्लिनमध्ये सुरू झालेली ही कंपनी नाटक-सिनेमावाल्यांचे रंग बनवते, हे तुम्ही सांगितलंत, आणि नाटकाच्या दौऱ्यांवर रंगभूषाकारांच्या हाताखाली तुम्ही घालवलेली वर्षंही त्याच ओघात आली. कांडीत रंग इतका घट्ट असतो की तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. स्टीलच्या पट्टीवर तेवढाच घ्यायचा, ओल्या स्पंजने पसरायचा. घासायचं नाही, टिपायचं. झाकायचं तिथे दोन पातळ हात, बाकी चेहऱ्यावर जेमतेम एक. भरपूर झाकायचं म्हणजे भरपूर थापायचं असं मला वाटत होतं. तुमच्या हाताखाली माझी त्वचा त्वचेसारखीच राहिली, नाकाजवळचा तीळसुद्धा जागच्या जागी दिसत होता.

सोबत आलेल्या माझ्या मावशीने तेव्हा म्हटलं, "जरा गोरी करा हो, नवरी आहे." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गोरी नाही करायची, नितळ करायची." मावशी बोलली ते प्रेमानेच, मला तिचा राग नाही. 2020 मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातला 'फेअर' गेला, पण आपल्या घरांमध्ये लग्न ठरलं की तो शब्द अजून सगळ्यात आधी येऊन बसतो. मी लहानपणापासून 'सावळी पण नाकीडोळी नीटस' हे ऐकत आलेय. त्यातला 'पण' न लावता माझ्याकडे बघणाऱ्या बाहेरच्या माणसांमध्ये तुम्ही पहिल्या.

आणि मग तुम्ही पिशवी उचललीत. "चल, कोथिंबीर आणू." मला वाटलं ट्रायल संपली. तुम्ही मला तो पूर्ण मेकअप घेऊन भर दुपारी दादरच्या बाजारातून फिरवलंत, फुलमार्केटच्या गर्दीतून नेलंत, स्टेशनचा पूल दोनदा चढायला लावलात. बायका वळून वळून बघत होत्या. दोन तासांनी घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून तुम्ही चेहरा तपासलात. नाकपुडीच्या बाजूला आणि वरच्या ओठावर रंग सुटला होता. खाली लावलेला प्रायमर आणि वरचं फाउंडेशन, दोघांचं जमलं नाही, असं म्हणत तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि प्रायमर बदललात. फ्लॅश मारून फोटो काढलात, पांढरट दिसणारी पावडर बाजूला ठेवलीत. पापण्यांचा गोंद कोपराच्या आत टिंबभर लावून 2 दिवस बघायला सांगितलंत. मला वाटतं, मुंबईत मे महिन्यात लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीची ट्रायल अशीच व्हावी. एसी पार्लरच्या आरशात तर कुठलाही मेकअप टिकतो.

लग्नाच्या दिवशी तुम्ही पहाटेच्या लोकलने ठाण्याला आलात, साडेपाचला दारात उभ्या. रविवार, दुपारी मेगाब्लॉक, म्हणून कुणावर भरवसा नको. आदल्या दिवशी हळद लागण्याआधी चेहऱ्याला तेलाचा हात फिरवायला तुम्ही बजावलं होतं, तरी केसांच्या कडेला पिवळेपणा राहिलाच. तुम्ही ट्रायलची शेड तशीच लावली नाहीत, पट्टीवर दुसऱ्या शेडचा ठिपका मिसळलात, पुन्हा खिडकीशी नेऊन पाहिलंत. प्रत्येक हात वाळेपर्यंत तुमचा तो विणलेला हातपंखा चालू होता. पावडर पफने दाबून बसवलीत, विशेषतः कपाळावर मुंडावळ्यांची दोरी येते त्या रेषेवर. मान, कान, ब्लाउजच्या वरची पाठ, काही सोडलं नाहीत. नऊवारी नेसून, नथ घालून, चंद्रकोर रेखून मी उठले तेव्हा आठही वाजले नव्हते.

आणि मग तुम्ही आईला हाक मारलीत.

आई दाराशी उभी होती, हातात अक्षतांचं ताट. ताई, माझे वांग आईकडूनच आलेत. तिच्या गालावर मी जन्मल्यापासून आहेत, म्हणजे 36 वर्षं. तिने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. फोटो काढताना मात्र ती नेहमी कुणाच्या तरी मागे उभी राहते. "माझं काय आता," असं ती म्हणत होती. तुम्ही तिच्या हातातलं ताट घेऊन मला दिलंत आणि तिला स्टुलावर बसवलंत. नवीन स्पंज काढलात, तिची शेड वेगळी मिसळलीत. दहा मिनिटं लागली असतील. आरसा पुढे धरल्यावर आई काही बोलली नाही. गालावरून बोट फिरवायला गेली आणि मध्येच थांबली, निघेल की काय म्हणून. तुम्ही म्हणालात, "हात लावा वहिनी, काही होत नाही." तिने हात लावला. पैसे देताना तिच्या मेकअपचे विचारले, तर तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत.

मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा. ऐन अंतरपाटाच्या वेळी हॉलचा एसी बंद पडला. मंगलाष्टका संपेपर्यंत गुरुजींच्या उपरण्याला घाम, नवरदेवाच्या सदऱ्याला घाम. तुम्ही खांबाशी उभ्या होतात ते मला दिसत होतं. अक्षता पडल्या तशा तुम्ही पुढे आलात, टिश्यू कपाळावर ठेवून नुसता दाबलात, उचललात. मग पावडरचा एक हात. घामावर पावडर लावली तर लापशी होते, नाटकाच्या मध्यंतरात हेच शिकलात म्हणालात. कमरपट्ट्यात खोचलेल्या रुमालाच्या टोकाने डोळ्यांच्या कोपऱ्यातलं पाणी शोषून घ्यायचं, पुसायचं नाही, हेही त्याच वेळी दोनदा करून दाखवलंत. लाजाहोमाच्या धुरात आणि संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर, तोच रुमाल कामी आला. दादाच्या खांद्यावरचा फोटो रात्री पावणेआठचा आहे. तुम्ही साडेपाचला आलात तिथून मी मोजलं, सव्वाचौदा तास.

रात्री तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी क्लिन्झिंग बामने, मग पाण्याने सगळं उतरवलं. कापूस तपकिरी होत गेला आणि माझे वांग जसेच्या तसे वर आले. नवऱ्याने ते आधीच पाहिलेले आहेत. तो मला टाचण्या मोजायला मदत करत होता, अंबाड्यातून 43 निघाल्या.

आता फोटोंचं. वऱ्हाडाच्या सामूहिक फोटोत आई पुढच्या रांगेत आहे, अगदी मधोमध. कुणी ओढून आणलेलं नाही, आपली आपणच येऊन उभी राहिलीय. तो फोटो आम्ही मोठा करून लावतोय, एक प्रत तुमच्यासाठीही काढलीय.

तुमचा हातपंखा रुखवताच्या सामानात माझ्याबरोबर सासरी आला. येत्या शनिवारी दुपारी आई आणि मी दादरला येतोय, पंखा आणि फोटो घेऊन. आईला तो नारिंगी करेक्टर कुठे मिळतो ते विचारायचंय, स्वतःसाठी. घरी असाल ना?

तुमचीच,
ठाण्याची नवरी